मदत हवी आहे: व्हॅल्युअरला बीएनआयचा (एकमेकांना कामं, म्हणजे रेफरल, मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेचा) उपयोग होतो का?

नाशिकमध्ये जमीन-इमारतींचं व्हॅल्युएशन करतो, आयबीबीआयची (व्हॅल्युअरची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था) नोंदणी आहे. बहुतेक काम बँक पॅनेलचं. फी कमी, तीही उशिरा. खासगी कामं वाढवायची आहेत: कॅपिटल गेन करासाठी जुन्या मालमत्तेचं १ एप्रिल २००१ चं मूल्य, वाटणीपत्र, व्हिसाचे रिपोर्ट. ओळखीच्या सीए-वकिलांना भेटून झालं, गूगलवर नोंद केली. महिन्याला एखाद-दुसरं काम येतं.

बीएनआयच्या एका गटात (चॅप्टरमध्ये) एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, ते आवडलं. पण मीटिंगसाठी दर आठवड्याला एक सकाळ जाते, आणि माझ्या साइट व्हिजिट सकाळीच असतात. खरी काळजी वेगळी आहे. रेफरल देणारा उद्या "आकडा जरा वाढवा" म्हणाला तर? ते मी करणार नाही, कमिशनही देणार नाही.

कुणा व्हॅल्युअरने वर्षभर सदस्यत्व घेतलंय का? फी वसूल होण्याइतकी खासगी कामं मिळाली का, आणि ती मुख्यतः कुणाकडून आली?