टर्नओव्हरला 'उलाढाल' म्हणायचं का?

प्रयोगवही: फॉस्फरस-कार्बन बंध जोडणाऱ्या उत्प्रेरकी अभिक्रियांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'टर्नओव्हर नंबर', म्हणजे उत्प्रेरकाचा एकेक अणू किती वेळा कामी आला तो आकडा, त्याला मी 'फेऱ्यांची संख्या' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'उलाढाल' केलं. वाक्य हिराओ अभिक्रियेचं आहे. कार्बन देणारं अरिल ब्रोमाइड आणि फॉस्फरस देणारं डायअल्किल फॉस्फाइट, त्यात 5 मोल टक्के पॅलेडियम (ब्रोमाइडच्या शंभर रेणूंमागे पाच अणू), उतारा म्हणजे यील्ड 90 टक्के. म्हणजे पॅलेडियमचा एकेक अणू सरासरी 18 वेळा कामी आला. ही उलाढाल कशी?

धातुसाधित: उलाढालच. मला त्यात उलटणं आणि ढळणं दोन्ही ऐकू येतं. शब्द व्यापाऱ्यांनी जास्त वापरला म्हणून तो त्यांचाच झाला का?

प्रयोगवही: उलाढालीतून किती माल गेला ते कळतं. मला सांगायचंय की अणू परत आला. शून्य ऑक्सिडेशन स्थितीतला पॅलेडियम कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतो, अधिक दोनवर जातो, ब्रोमीन सोडून फॉस्फरस धरतो, कार्बनशी त्याची गाठ मारून देतो आणि पुन्हा शून्यावर येतो. हा फेराच आहे.

शुद्धमती: आधी 'फॉस्फरस-कार्बन' बदला. 'स्फुरद-कर्ब बंध' लिहा. स्फुर् म्हणजे चमकणं, द म्हणजे देणारा. ग्रीक शब्दाचा अर्थही 'प्रकाश आणणारा' असाच आहे. इतका नेमका शब्द हाताशी असताना उसनवारी कशाला?

मातीपरीक्षक: शब्द सुंदर आहे, पण तो आता खताच्या पोत्यावर राहतो. तिथला स्फुरदाचा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात असतो. 16 टक्के लिहिलं असेल तर मूलद्रव्य साधारण 7 टक्केच. शिवाय खतातला फॉस्फरस ऑक्सिजनला बांधलेला, कार्बनला थेट नाही. माझे वाचक 'स्फुरद-कर्ब' वाचून माती तपासणीचा अहवालच समजतील.

शुद्धमती: मग वाचकाला शिकवा. कुणी वापरलाच नाही तर शब्द पोत्यावरच राहणार.

फ्लास्कधारी: आम्ही मराठी पोरं लॅबमध्ये 'रिअ‍ॅक्शन लावली' म्हणतो, 'अभिक्रिया घडवली' कुणी म्हणत नाही. हिराओ लावली की ट्रायएथिलअमीनचं पांढरं मीठ फ्लास्कच्या कडेला बसायला लागतं, तेव्हा जिवात जीव येतो. कधी काहीच बसत नाही, द्रव काळा पडतो. मग आम्ही म्हणतो, 'कॅटॅलिस्ट मेला'. फॉस्फरसच्या अभिक्रियांत ही भीती जास्त. फॉस्फीनसारखी संयुगं धातूला घट्ट धरतात, म्हणजे जे बनवायचं तेच उत्प्रेरकाला अडकवतं. याला लेखात काय लिहिलंय?

प्रयोगवही: 'विषबाधा'.

शुद्धमती: विषबाधा सजीवाला होते. 'निष्क्रियण' लिहा.

फ्लास्कधारी: निष्क्रियण काहीही असू शकतं, उष्णतेनंसुद्धा होतं. विष म्हटलं की कुणीतरी येऊन धरलं हे कळतं. विषबाधाच राहू दे.

धातुसाधित: विषबाधा ठेवलीत तर 'उतारा' गेला. विषावरचा उतारा हा अर्थ वाचकाच्या मनात आधी येतो. 'विषबाधेमुळे उतारा घटला' हे वाक्य रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा.

मातीपरीक्षक: पिकाचा उतारा, उसाचा उतारा, सगळे म्हणतात. तो काढू नका.

प्रयोगवही: आत्ताच मोजलं. लेखात 'उतारा' अकरा ठिकाणी आहे, त्यातल्या चार ठिकाणी विषबाधेच्याच परिच्छेदात.