'पीके १११९५' मेडिकलात मिळत नाही
निपाणीच्या काकांच्या जिभेच्या कॅन्सरसाठी 'पीके १११९५' कुठं मिळेल, असं एकानं विचारलंय. बेळगावच्या खडेबाजारात नाही की कोल्हापुरात नाही. हे प्रयोगशाळेतलं रसायन आहे. रोग्याला द्यायचं औषध नव्हे.

पेशीतलं ऊर्जाघर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्याच्या बाहेरच्या पडद्यावर टीएसपीओ नावाचं प्रथिन असतं, त्याला हे चिकटतं. १९७७ मध्ये डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध मेंदूबाहेर, उंदराच्या मूत्रपिंडातही चिकटतं असं दिसलं, त्यातून या प्रथिनाचा शोध लागला. टीएसपीओ हे नाव २००६ चं.

पीके १११९५ मुळं कॅन्सरच्या पेशी केमोला लवकर बळी पडतात असं म्हणतात, ते खरं, पण बशीतल्या पेशींपुरतं आणि उंदरांवरच्या प्रयोगांपुरतं. खरी गोम मात्रेत आहे बघा. प्रथिनाला चिकटायला काही नॅनोमोलर (द्रावणात रसायन किती ते मोजायचं फार बारीक माप) पुरतात. पेशी मारायच्या प्रयोगांत मात्र कित्येक मायक्रोमोलर (नॅनोमोलरच्या हजारपट माप) ओततात, म्हणजे हजारो पट! कुलपाला किल्ली सोडून पहार लावल्यासारखं. टीएसपीओ दाबून टाकलेल्या पेशींतही परिणाम तोच दिसलाय. शिवाय केमोचं औषध पेशीबाहेर उपसणारा पी-ग्लायकोप्रोटीन हा पंपही यानं अडतो. मग श्रेय टीएसपीओला द्यायचं कशाच्या जोरावर?

माणसांत पीके १११९५ ला कार्बन-११ हा किरणोत्सारी कार्बन जोडून मेंदूच्या पेट स्कॅनला (आतलं चित्र काढायच्या तपासणीला) वापरतात, तेही अगदी कणभर, आतली सूज बघायला.

काकांची मिश्री आधी बंद करा. बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन त्यांना ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरकडे न्या, आणि ऑनलाइन काही मागवलं असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, पोटात घालू नका.