मदत हवी आहे: कडू पानं आणि संत्र्याचं सॅलड

रविवारी मंडळी जेवायला येणार आहेत, तेव्हा हिवाळी सॅलड करायचंय. रॅडिकिओ, एन्डाइव्ह, थोडं अरुगुला ही कडवट पानं आणि सोबत संत्रं, ग्रेपफ्रूट. चिरलेली पानं अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवली की कडवटपणा जरा उतरतो, वर कुरकुरीतही होतात. मीठही कडूपणा दाबतं. तरी काहींची तोंडं वाकडी होतातच! (मला तो कडूपणा आवडतो, म्हणून पार घालवायचा नाहीये.)

खरी अडचण ड्रेसिंगची. पांढरा पापुद्रा काढून फोडी नीट सोलल्या तरी रस सुटतोच, मग ड्रेसिंग पातळ होतं आणि तळाशी नुसतं पाणी. फोडी आधी चाळणीत निथळत ठेवून तोच रस व्हिनेगरऐवजी वापरला तर? १ भाग आंबट, ३ भाग ऑलिव्ह तेल हे नेहमीचं प्रमाण इथे चालेल, की संत्र्याचा रस कमी आंबट म्हणून वरून लिंबू पिळावं? मध घालणारे साधारण किती घालता?

आणि वरून अक्रोड की फेटा चीज? दोन्ही नको, उगाच गर्दी होते.