मदत हवी आहे: दप्तर आणि बॅडमिंटनची रॅकेट एकाच सॅकमध्ये मावेल अशी सॅक (नाशिक)

रानजाई (मंगळवार, रात्री १०:५०)
नमस्कार. मुलीसाठी अशी सॅक हवी आहे, जिच्यात पुस्तकंही राहतील आणि बॅडमिंटनची रॅकेटही. नेहमीच्या दप्तरातून रॅकेट बाहेर डोकावते. मागच्या गुरुवारी ती व्हॅनच्या सरकत्या दारात सापडली आणि फ्रेमला तडा गेला. वाढदिवसाला घेतली होती, चार महिनेही झाले नव्हते. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. मेन रोड, शालिमार, कॉलेज रोड, सगळीकडे फिरून झालं. दुकानदार एकतर लॅपटॉपच्या सॅक दाखवतात, नाहीतर खेळाडूंच्या त्या लांबलचक किटबॅगा. सोमवारपासून प्रॅक्टिस परत सुरू, म्हणजे शनिवारी काहीही करून घ्यायचीच आहे. कोणी वापरली असेल तर प्लीज मॉडेल सांगा, लवकर.

स्मॅश७२
सरळ सहा रॅकेटवाली किटबॅग घ्या. योनेक्स, ली-निंग, व्हिक्टर, कुठलीही चालेल. मागे दोन पट्टे असतात, पाठीवर घेता येते. माझा मुलगा तीन वर्षं वापरतोय, शिवण कुठे उसवलेली नाही. एकदाच खर्च करायचा आणि विसरून जायचं.

गोदातीर
ताई, मुलगी कितवीत आहे? उंची किती? रॅकेट एक की दोन? शाळेतून थेट कोर्टवर जाते की घरी येऊन? बजेट? हे कळल्याशिवाय कोणी मॉडेल सांगितलं तर त्याला अर्थ नाही.

जुना_खेळाडू
सॅकचं नंतर बघा. नवी रॅकेट घेताना चूक करू नका. या वयात ५यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅमची घ्या, हेड जड असलेली नको. गटिंग, म्हणजे जाळीच्या तारांचा ताण, २० ते २२ पाउंडांच्या पुढे जाऊ देऊ नका. दुकानदार २६ मारून देतो, मुलं खूश होतात आणि वर्षभरात कोपर धरून बसतात. मी बघितलंय.

रानजाई
सहावीत आहे. शाळा सुटली की व्हॅन तिला कोर्टजवळच सोडते, साडेसहाला मी आणायला जाते. सर म्हणतात आता दोन रॅकेट ठेवा. बजेट दीड हजारापर्यंत. जुना_खेळाडू, रॅकेटचं सर सांगतील हो, मला सॅक हवी आहे. स्मॅश७२, किटबॅग घेतली तर दप्तराचं काय करू? शाळेत दोन बॅगा चालत नाहीत. बाकाखाली जागा नाही म्हणून वर्गशिक्षिकांनी डायरीत लिहून पाठवलंय.

स्मॅश७२
दोन बॅगा कशाला? किटबॅगेतच पुस्तकं टाका. एका कप्प्यात रॅकेट, दुसऱ्यात वह्या-पुस्तकं. आमच्याकडे तसंच चालतं.

फिजिओ_नाशिकरोड
असं करू नका. सहा रॅकेटची किटबॅग पाऊण मीटर लांब असते. सहावीतल्या मुलीच्या खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंतर याच्या निम्म्याच्या आसपास भरेल. खाली पोटऱ्यांना आपटत राहील आणि मूल पुढे झुकून चालायला लागेल. शिवाय तिच्यात पुस्तकं तळाशी एका गठ्ठ्यात जाऊन बसतात, पाठीला लागून राहत नाहीत. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो सांगितलंय आणि मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत. ताई, आत्ता घरात आहे ते दप्तर काट्यावर ठेवून बघा आणि इथे लिहा.

स्मॅश७२
माझ्या मुलाला तीन वर्षांत कसलाही त्रास नाही.

फिजिओ_नाशिकरोड
तुमचा मुलगा आता कितवीत आहे?

स्मॅश७२
दहावीत. पण सुरुवात सातवीत केली होती, आणि तेव्हाही हीच बॅग होती.

पेठरोड
मूळ मुद्दा कोणीच बोलत नाहीये. रॅकेट व्हॅनच्या दारात सापडली, म्हणजे त्या व्हॅनमध्ये मुलं कशी कोंबलेली असतील याचा विचार करा. आज रॅकेट आहे, उद्या बोटं असतील. आमच्या भागात एका व्हॅनमध्ये मी स्वतः चौदा मुलं मोजली. पालकांनी एकत्र येऊन बोलल्याशिवाय हे सुधारणार नाही.

सातपूरकर
पेठरोड यांच्याशी सहमत. आम्ही सिटीलिंकच्या बसने पाठवतो, पास काढून दिलाय. सकाळी ठीक जातं, संध्याकाळी उशीर होतो. ताई, कोर्ट कुठलं आहे तुमचं? फी किती घेतात? माझ्या भाचीला घालायचंय.

रानजाई
दप्तर मोजलं. चार किलो सहाशे. मुलगी एकतीस किलोची आहे. मला खरंच कल्पना नव्हती. खांदा ते कमर टेपने मोजलं, अडतीस सेंटीमीटर. सातपूरकर, फीचं तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवते.

गोदातीर
आणखी एक सांगा. दार लागलं तेव्हा रॅकेट सॅकमध्ये कशी होती? मूठ वर होती की जाळी?

रानजाई
जाळी वर. मूठ खाली पुस्तकांच्या मधे खुपसून ठेवते आणि वरची चेन लागेल तेवढी लावते. वरून रॅकेटचं कव्हर असतं. जाळी खाली घातली की पुस्तकांनी दबेल, म्हणून मीच तिला तशी ठेवायला शिकवलं होतं.

गोदातीर
मग नुकसान तिथेच झालं ताई. तुमची काळजी चुकीची नव्हती, पण रॅकेटचा सगळ्यात नाजूक भाग नेमका बाहेर राहिला. हिशोब बघा. नियमाप्रमाणे रॅकेट ६८० मिलिमीटरपेक्षा लांब असू शकत नाही, बाजारातल्या बहुतेक साडेसदुसष्ट सेंटीमीटरच्या असतात. शाळेची सॅक उंचीला पंचेचाळीस-शेहेचाळीस. म्हणजे वीस-बावीस सेंटीमीटर बाहेर राहणारच, त्याला इलाज नाही. बाहेर काय ठेवायचं एवढंच आपल्या हातात आहे. जाळी खाली घातली तर जवळजवळ फक्त मूठ बाहेर राहते, आणि मुठीवर दार आपटलं तरी ती सहसा तडकत नाही.

आता पुस्तकांनी दबण्याचं. त्यासाठी रॅकेटला वेगळा, सपाट कप्पा लागतो, पुस्तकांच्या कप्प्यात घालायचीच नाही. बॅडमिंटनच्या ज्या बॅकपॅक येतात त्यांत हाच फरक असतो. जाळीभोवतीच्या फ्रेमची रुंदी नियमात जास्तीत जास्त २३० मिलिमीटर आहे, तेव्हा कप्पा आतून पंचवीस सेंटीमीटर रुंद हवा. दुकानात जाताना रॅकेट बरोबर घेऊन जा आणि तिथेच घालून बघा. तीन गोष्टी तपासा. चेनला दोन रनर हवेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी आणून दांड्यापाशी भिडवता येतात. कप्प्याच्या तळाला जाड फोम हवा, कारण मुलं सॅक धपकन खाली टाकतात आणि तो सगळा दणका फ्रेमच्या टोकाला बसतो. आणि मूठ मधोमध न येता एका कडेला यायला हवी, नाहीतर मान मागे केली की डोक्याला लागते.

जुना_खेळाडू
थर्मल अस्तर राहिलं. आतून चंदेरी अस्तर असलेलाच कप्पा घ्या. उन्हात गट सैल पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला जातो.

गोदातीर
एप्रिल-मेमध्ये शाळेची व्हॅन असते किती दिवस? आणि सॅक दिवसभर वर्गात सावलीत असते. दीड हजारात थर्मल कप्पा शोधायला गेलं तर तळाचा फोम आणि चांगली चेन हातची जाईल. गाडीच्या डिकीत किट ठेवून ऑफिसला जाणाऱ्यांना त्या अस्तराचा उपयोग. आत्ता आषाढ चाललाय, आधी पाण्याचं बघा.

जुना_खेळाडू
चाळीस वर्षं खेळतोय मी. अस्तर असलेलं बरं, एवढंच म्हणणं आहे. पाण्याचं म्हणाल तर पटलं. ओला टॉवेल आणि घामाचा टी-शर्ट रॅकेटच्या कप्प्यात कोंबू देऊ नका. ग्रिप कुजते, वास मरेपर्यंत जात नाही.

ओझरवाली
रॅकेट कोर्टवरच ठेवा की! आमच्याकडे सरांच्या कपाटात सगळ्या मुलांच्या ठेवतात. रोज वाहायचीच कशाला?

रानजाई
विचारलं होतं. कपाट आहे, पण कुलूप नाही, आणि एका मुलाचे बूट तिथून गेले आहेत. शिवाय रविवारी ती सोसायटीत खेळते.

फिजिओ_नाशिकरोड
एकतीस किलोच्या मुलीला चार किलो सहाशे म्हणजे जवळजवळ १५ टक्के. आणि यात रॅकेटचा दोष नाही, दोन रॅकेट मिळून फार तर दोनशे ग्रॅमच्या आसपास होतात. बारा फुलांचा (शटलकॉकचा) डबाही हलकाच. वजन असतं बुटांचं, पाण्याच्या बाटलीचं आणि सगळ्या विषयांच्या जाड वह्यांचं. नवी सॅक घेतलीत तरी आधी हे काढा. बाटली रिकामी न्यायची आणि शाळेत भरायची, कोर्टचे बूट कोर्टवर ठेवायचे.

रानजाई
बूट तिथूनच गेले हो, वर लिहिलंय.

फिजिओ_नाशिकरोड
खरंच, माफ करा, नजरेतून सुटलं. मग बूट तुम्ही आणायला जाताना न्या? की ती आधीच कोर्टवर असते?

रानजाई
ती चारपासून तिथे असते. पण तिच्या मैत्रिणीची आई चारला आपल्या मुलीला कोर्टवर सोडायला येते, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. बूट न्याल का, असं तिला विचारते. हे सुचलंच नव्हतं.

शिलाईमशीन
ताई, नवी घेऊच नका. तुमच्या आहे त्या दप्तराचे पट्टे आणि तळ धड असेल तर मागून रॅकेटचा कप्पा शिवून घ्या. मी मुलासाठी असाच करून घेतला. दहीपुलाच्या आतल्या गल्लीत बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांना रॅकेट नेऊन दाखवली. त्यांनी ती वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने आखली, दोन्ही बाजूंनी दोन बोटं जास्त घेतली आणि मॅटी कापड आणि फोम घालून पाठीकडच्या बाजूला चपटा कप्पा लावून दिला. साडेतीनशे घेतले. एक वर्ष झालं.

गोदातीर
पाठीकडे का? रॅकेट पाठीला रुतत नाही? मी तर पुढच्या बाजूला लावा म्हटलं असतं.

शिलाईमशीन
पुढे लावली तर गर्दीत सगळे तिच्यावरच रेलतात. व्हॅनमध्येही सॅक पाठ टेकवून ठेवतात, पुढची बाजू उघडी पडते. पाठीकडे फोम आहे, त्यामुळे रुतत नाही. आणि पुस्तकं त्या कप्प्यावर थेट दाबत नाहीत, मधे सॅकची मूळची पाठ येते.

स्मॅश७२
शिवलेलं टिकत नाही. कंपनीचं ते कंपनीचं.

शिलाईमशीन
आमच्या आधीच्या कंपनीच्या सॅकची चेन सहाव्या महिन्यात गेली होती. तीही याच काकांनी बदलून दिली.

रानजाई (शनिवार, रात्री ९:१५)
सगळ्यांचे आभार, सविस्तर लिहिते. सकाळी कॉलेज रोडला दोन बॅडमिंटन बॅकपॅक बघितल्या, तडा गेलेली रॅकेट बरोबर नेली होती. पहिलीत कप्पा अरुंद, जाळी तिरकी बसली. दुसरी छान होती, पण बावीसशेची आणि उंचीला पन्नासच्या वर. लेकीने पाठीवर घेतली तर खालचं टोक पार कमरेखाली लोंबायला लागलं. तिथून थेट दहीपूल. काका पावसामुळे प्लास्टिकखाली बसले होते. त्यांनी आमचं दप्तर उलटंपालटं करून बघितलं, पट्ट्याच्या मुळाशी बोट घालून ओढलं आणि म्हणाले, "दप्तर चांगलं आहे, टाकू नका." दोन तासांत कप्पा शिवून दिला. तळाला दोन पदरी फोम घातला, चेनला दोन रनर. चारशे झाले. दोन रॅकेट एकमेकींवर उलटसुलट ठेवायच्या म्हटलं, तर त्यांनी मधे एक कापडी पडदा टाकून दिला आणि दोन्ही जाळ्या खालीच ठेवायला सांगितल्या.

घरी आल्यावर एक अडचण लक्षात आली. मुठी डाव्या कडेला आल्या आहेत आणि ती वेणी डावीकडे घेते. ग्रिपच्या टोकाला वेणी अडकते.

शिलाईमशीन
सोमवारी परत जा. कप्प्याच्या वरच्या कडेला उजवीकडे एक लूप लावून देतील, मुठी तिकडे ओढून वेल्क्रोने बांधायच्या. आमच्याकडेही नंतरच लावला होता. लूपचे त्यांनी पैसे घेतले नव्हते.

फिजिओ_नाशिकरोड
आता वजन किती भरतंय?

रानजाई
बूट आणि भरलेली बाटली काढून, दोन्ही रॅकेट घालून तीन किलो साडेतीनशे. अजून थोडं जास्त आहे ना? वेळापत्रक बघून दोन वह्या घरी ठेवायला सांगितल्या आहेत.

सातपूरकर
ताई, फीचा निरोप अजून आला नाही.