मदत हवी आहे: ३१ ऑगस्टच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर नेमकं काय लिहावं?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आम्ही ठाण्यातले सातआठ जण दर रविवारी गायला-वाजवायला जमतो, कोणी बँकेत कोणी शाळेत, प्रोफेशनल एकही नाही. यंदा ३१ ऑगस्टला म्हणजे विमुक्त दिनाला (इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती त्या कायद्यातून सुटल्या तो दिवस, त्याच आताच्या विमुक्त जाती) घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरात तिकीट लावून कार्यक्रम करतोय, आणि जमतील ते पैसे कळव्याच्या एका वस्तीतल्या पोरांच्या जातीच्या दाखल्यांसाठी द्यायचे. दाखल्याला कसला आलाय खर्च असं मलापण वाटायचं. पण विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि ज्यांचे आजोबा गावोगाव पालं टाकत फिरले त्यांनी कुठल्या शाळेचं रजिस्टर शोधायला जायचं? एकेका कागदासाठी दोनतीन खाडे, एसटीचं भाडं, आणि वर "साहेब आज नाहीत, सोमवारी या".

आता अडचण. आमचा तबलजी डिझाइन करतो, त्याने पोस्टर केलं: काळ्यावर लाल अक्षरांत "जन्मानेच गुन्हेगार?" आणि खाली मोठ्ठा अंगठ्याचा ठसा. आम्हाला सगळ्यांना जाम आवडलं. रविवारी सनईवाले काका आले, कैकाडी समाजाचे आहेत, साठी उलटलेली, आमच्यात खरा वाजवणारा माणूस तेवढा तोच. मोबाईलवर दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाजवळ धरून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चांगलं झालंय सर. माझा फोटो मात्र नको ह्याच्यावर." का विचारलं तर आधी काही बोललेच नाहीत, सनईची पत्ती ओठांत धरून ओली करत बसले. मग म्हणाले, "घरमालक प्रश्नचिन्ह वाचत नाही."

काका भाड्याच्या खोलीत राहतात, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट.

तेव्हापासून ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो शब्द बोचला पाहिजे, नाहीतर कार्यक्रम कशाला. दुसरा म्हणतो "वंचितांसाठी स्वरसंध्या" लिहा नि मोकळे व्हा. अहो पण मग १८७१ ला इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या हे कुठे आलं त्यात? देश सुटला १९४७ ला आणि हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, ५ वर्षं १६ दिवसांनी, हे मला स्वतःला चाळिशीत कळलं, शाळेत एक ओळ नव्हती. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. सुचवा काहीतरी.

नौपाड्याचा चहा: पोस्टरचं नंतर बघू, तुमची संस्था रजिस्टर आहे का? नसेल तर लोकांकडून पैसे गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडे ४१क ची परवानगी काढा, गणपती मंडळं काढतात तीच. आत्ताच लागा, त्या दिवसांत मंडळांची गर्दी असते.

घोडबंदर_जॅम: राग मानू नका पण इतिहास ऐकायला तिकीट काढून कोण येणार, जुनी हिंदी गाणी ठेवा हाऊसफुल्ल होईल.

धागाकर्ती: जुनी हिंदी गाणी आहेतच हो, बारा. पण सनईपण आहे.

उजनीचं पाणी: मी सोलापूरची, आता वाशीला असते. आमच्याकडे त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात, तारेच्या कुंपणात माणसं ठेवलेली जागा, आम्ही लहानपणी नाव घ्यायचो पण अर्थ कोणी सांगितला नाही. एक दुरुस्ती, निवेदनात "१८७१ पासून आपल्याकडे" असं म्हणू नका, तो कायदा सुरुवातीला उत्तरेकडे होता, देशभर लावायची सोय १९११ च्या कायद्याने झाली. आणि माझं मत काकांच्या बाजूने. जातींची नावं नको, "गुन्हेगार" तर मोठ्या अक्षरात नकोच, कायदा काय करायचा ते दाखवा. हजेरी द्यावी लागायची, अंगठे घेतले जायचे, गाव सोडायचं तर पास लागायचा. "हजेरी" एवढंच नाव ठेवा की. ज्यांची सरकारने स्वतः यादी ठेवली त्यांच्याच नातवंडांकडे आता सरकार कागद मागतं, हे निवेदकाने पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकावं, इंटरव्हलनंतर लोक वडापावाच्या गुंगीत असतात.

नौपाड्याचा चहा: "हजेरी" भारी आहे. ठसा काढा पण, सिनेमाचं पोस्टर वाटतं.

धागाकर्ती: उजनीताई, खूप आभार. काकांना फोन केला. "हजेरी" ऐकून थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले त्यांची आजी शेवटपर्यंत संध्याकाळ झाली की "हजेरीची वेळ झाली" म्हणायची, घरात सगळे हसायचे तिला. हे स्टेजवर सांगाल का विचारलं तर नाही म्हणाले, तुम्ही सांगा, मी वाजवतो. फोटोला अजून नाहीच, आणि मीपण परत विचारणार नाही. ठसा काढला, तबलजी फुगून बसलाय. ४१क साठी उद्या हाफ डे टाकतेय.

आता शेवटचं एक: सनईला वेगळा माईक लावायचा की लांबूनच घ्यायची? साउंडवाला म्हणतो लागणारच नाही, काका म्हणतात हार्मोनियम दबेल. कोणाला अनुभव आहे का?