मदत हवी आहे : इंदूरच्या राजवाडा चौकात आईला कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. आईचं माहेर चौंडीजवळचं, म्हणजे अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावाजवळचं, त्यामुळे राजवाड्यासमोरच्या बागेतला अहिल्यादेवींचा पुतळा बघायचाच, असा तिचा हट्ट. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. रिक्षा बागेपर्यंत सोडते, की अलीकडेच उतरवतात? राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी; १९८४च्या आगीत बराच जळाला होता, नंतर दुरुस्त केला. आत जिने किती चढावे लागतात? सराफा बाजारातली खाऊगल्ली रात्री रंगते म्हणून संध्याकाळी जावं म्हणते, पण तेव्हा राजवाडाच बंद असेल तर काय उपयोग! (भुट्ट्याचा कीस मात्र सोडणार नाही.) दुसऱ्या दिवशी महेश्वर. इंदूरकरांनो, जवळपास लिफ्ट असलेलं, साधं, स्वच्छ हॉटेल सुचवाल का?