वारांचा क्रम आणि होरा

वारांची नावं ग्रहांवरून आली हे बरोबर, पण 'त्यांचा क्रम ग्रहांच्या तेजस्वितेनुसार लावला' असं कुणी म्हणतं ते पटत नाही. तसं असतं तर रवी, सोम यांच्यानंतर थेट शुक्रवार यायला हवा होता, मंगळ नव्हे! खरी गंमत होऱ्यांमध्ये आहे (होरा म्हणजे दिवस-रात्रीचा चोविसावा भाग, एक तास). पृथ्वी मध्यभागी धरून सर्वात संथ ग्रहापासून सुरुवात केली की शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशी रांग लागते. दिवसाचे २४ होरे याच रांगेने ओळीने वाटायचे आणि पहिला होरा ज्याचा, त्याचा तो वार. शनिवारी पहिला होरा शनीचा, मग ८वा, १५वा, २२वाही त्याचाच. २३वा गुरूचा, २४वा मंगळाचा, की दुसऱ्या दिवशीचा पहिला रवीचा. झाला रविवार. पुढेही असंच मोजून बघा, सोमवार, मंगळवार आपोआप येतात.

जाता जाता: 'होरा' म्हणजे 'अहोरात्र'मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून उरलेला शब्द, असं एक मत प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने आपल्या 'बृहज्जातक' या ग्रंथात नोंदवलंय. व्युत्पत्ती झकास आहे, पण शब्द मूळचा ग्रीक.